जांभळी ओल

१

“मास्तर हौदात पडलेत!”

पहारेकरी ओरडत फाटकाकडे आला तेव्हा कामावरची माणसं अजून डबे खाली ठेवत होती. सगळे धावले आणि जुन्या हौदाच्या अलीकडेच थबकले. रंगाचा कारखाना बंद पडून वर्षं लोटली होती, पण त्या कोपऱ्यात तोंड झाकल्याशिवाय पाऊल टाकायचं नाही, हे शेजारच्या वस्तीतल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं.

हौद कोरडा होता. तळाशी राखेसारखी करडी भुकटी आणि तिच्यावर मास्तर उताणे. डोळे मिटलेले, चष्मा शर्टाच्या खिशात. हौदाचा काठ उंच होता. संध्याकाळी मातीचा नमुना घ्यायला गेले असतील, तोल गेला असेल, डोकं आपटलं असेल. फौजदार बाई येईपर्यंत सगळ्यांचं यावर एकमत झालं होतं.

फौजदार बाईंचा उजवा गुडघा कामातून गेला होता. त्यामुळे त्या दिसेल तिथे बसकण मारायच्या. त्यांच्याबरोबरचा हवालदार ताडमाड उंच. दोघांनी कामाची वाटणीच करून टाकली होती: वरचं त्याने बघायचं, खालचं बाईंनी. हौदाला एका अंगाने गाडी उतरवण्यासाठी उतार होता. तोंडाला फडकं बांधून बाई तिकडून खाली गेल्या आणि मास्तरांच्या उशाशी बसल्या.

पहारेकऱ्याचे दोन्ही हात कोपरापर्यंत गडद जांभळे झाले होते.

“हे काय?”

“हलवून बघितलं हो, बाई. म्हटलं, श्वास असेल. घामेजलेले हात या मातीला लागले. ही कोरडी असते तोवर गरीब गाय. ओल लागली की बघा.” त्याने हात पुढे केले. “आता साबण लावा नाहीतर दगडाने घासा, आठवडाभर जायचं नाही.”

बाईंनी हवालदाराकडून पाण्याची बाटली घेतली आणि भुकटीवर थेंब टाकला. करड्या मातीत एकदम जांभळं फूल उमललं आणि पसरत गेलं.

मग त्यांनी मास्तरांचं डोकं हलकेच उचललं. मागे खोल खोक होती. पांढऱ्या केसांत रक्त सुकून काळं झालं होतं. त्याखालची भुकटी मात्र करडीच होती.

“हवालदार, रक्त कोरडं असतं का?”

“वाळल्यावर, बाई. वाहताना ओलंच.”

“मग ते इथे वाहिलंच नाही.” बाई त्याचा हात धरून उठल्या. “मास्तर इथे पडलेले नाहीत. त्यांना इथे आणून टाकलंय.”

२

कारखान्याची ती जागा कुणालाच नको होती. तिथे ना घर बांधता येत होतं, ना पीक घेता येत होतं. म्हणून तिच्यावर सौर पॅनल बसवायचं ठरलं. जमिनीत खांब ठोकायचे नाहीत, खणायचं नाही. आधी सगळीकडे काळं जाड प्लॅस्टिक अंथरायचं. साइटवर त्याला सगळे ‘कापड’च म्हणत. त्याच्यावर बाहेरून आणलेल्या स्वच्छ तांबड्या मातीचा थर द्यायचा. त्या मातीवर काँक्रीटचे ठोकळे, आणि ठोकळ्यांवर पॅनल. खालचं विष खालीच राहील, पावसाचं पाणी कापडावरून वाहून बाजूच्या नाल्याला जाईल, वर वीज तयार होईल. गेला पाऊस ओसरल्यावर ठेकेदाराच्या बाहेरगावच्या टोळीने कापड आणि माती टाकली होती. आता हौदाचा कोपरा तेवढा झाकायचा राहिला होता, आणि पॅनलच्या रांगा फाटकापर्यंत येऊन पोचल्या होत्या.

मास्तर जन्मभर कॉलेजात मृदाशास्त्र शिकवून निवृत्त झालेले. इथली माती तपासायचं काम त्यांच्याकडे होतं. त्यांनी आजवर बऱ्याचदा काम थांबवलं होतं, आणि प्रत्येक वेळी ठेकेदाराचा पारा चढला होता.

“हो, भांडलो! काल दुपारीसुद्धा भांडलो,” ठेकेदार बाईंना म्हणाला. दांडगा माणूस, आवाज त्याहून दांडगा. “म्हातारा म्हणजे डोक्याला ताप होता. पण मी त्याला मारेन? माझं काम संपत आलंय, मॅडम. माशी मारायला वेळ नाही मला.”

इतक्यात एका मजुराने हात धुवून बादलीतलं उरलेलं पाणी दोन रांगांच्या मधे भिरकावण्यासाठी बादली उचलली. ठेकेदार खेकसला, “ए! तिकडे नको! नाल्यावर जाऊन ओत!”

“एवढ्याशा पाण्याने काय होतं?” बाईंनी विचारलं.

“चिखल होतो. माणसं घसरतात.” त्याने कपाळ पुसलं आणि सूर बदलला. “तुम्ही नव्या आहात म्हणून सांगतो, या जागेत भलत्या फजित्या होतात. हौदाकडच्या गड्याला घरून काहीतरी वाईट फोन आला. बिचारा आडोशाला जाऊन रडून आला आणि आम्हाला म्हणतो, काही नाही, काही नाही. आणि गालांवर जांभळे पट्टे! इथे चोरून रडायचीसुद्धा सोय नाही.”

तो हसला. बाई हसल्या नाहीत.

“काल संध्याकाळी कुठे होतात?”

“माणसं सुटली तसा मीही गेलो. एकटाच, गाडीने. साक्षीदार विचाराल तर नाही कुणी.”

“पहारेकरी कधी येतो?”

“अंधार पडल्यावर. मधले तास-दोन तास इथे चिटपाखरू नसतं.” बोलून झाल्यावर त्याच्या लक्षात आलं की हे त्याला ठाऊक असणं त्याच्याच अंगाशी येणार होतं. त्याचा आवाज खाली आला. “धाकट्या मालकांना विचारा ना. ते तर इथेच राहतात.”

३

धाकटे मालक साठीला टेकले होते, तरी नाव तेच राहिलं होतं. वडिलांनी कारखाना काढला, यांनी तो बंद केला. आता फाटकाशेजारच्या वजनकाट्याच्या खोलीत एक खाट, एक पंखा आणि कारखान्याच्या रंगांची जुनी पत्रकं एवढ्यावर ते दिवस काढत होते. उजवा हात गळ्यात, पांढऱ्याशुभ्र प्लॅस्टरमध्ये.

“बाथरूममध्ये पडलो,” ते म्हणाले. “लोकांना वाटतं, कुणीतरी मोडला. वाटू दे. आमच्यावर रागवायला त्यांना कारणं कमी नाहीत.”

“मास्तर गेल्याने तुमचा फायदा?”

“बाई, सरळ विचारता म्हणून सरळ सांगतो. करारात आहे, इथे नवीन काही विषारी सापडलं तर जमीन माझ्या गळ्यात परत. मास्तर रोज काहीतरी शोधत असायचे. मी त्यांना घाबरायचो.” त्यांनी डाव्या हाताने पंख्याचं बटण दाबलं. “काल दुपारी ते ठेकेदारावर ओरडत होते. ‘मला खोटं पाडून दाखव,’ असं काहीतरी. मास्तर ओरडलेले मी पहिल्यांदाच ऐकले.”

“आणि संध्याकाळी?”

“पंख्याचा आवाज आणि माझे कान, दोन्ही जुने. काही ऐकलं नाही.”

प्रकल्पाची इंजिनीअर आपल्या खोलीत बसली होती. तिशीची मुलगी, शेजारच्या वस्तीतच वाढलेली. वस्तीतली पोरं तिला ‘उन्हाची ताई’ म्हणायची. डोळ्यांवर मोठा काळा चष्मा होता.

“जवळ येऊ नका, मॅडम. डोळे आलेत. तुम्हाला लागण व्हायची.”

बाई दाराजवळच्या स्टुलावर बसल्या. “मास्तर तुमचे शिक्षक होते ना?”

“नुसते शिक्षकच नाहीत.” तिने मान हलवली. “माझे वडील या कारखान्यात होते. रंगाच्या खात्यात. ते गेले तेव्हा मी कॉलेजात होते. फी कुणी भरली ते आईला अजून माहीत नाही. मास्तरांना मूलबाळ नव्हतं. या कामावरही मला त्यांनीच आणलं.”

“तरी ते काम थांबवायचे.”

“त्यांचा स्वभावच तसा. ताकसुद्धा फुंकून प्यायचे.” तिने वस्तीच्या दिशेने पाहिलं. “कापड पडल्यावर वस्तीच्या हातपंपाचं कुलूप मी काढलं. वडील गेले त्याआधीपासून बंद होता तो. बायका किती लांबून पाणी आणायच्या! पहिली कळशी माझ्या आईने भरली. ही वीज सुरू झाली की त्या पैशातून वस्तीत दवाखाना होणार आहे. मास्तरांनाही तेच हवं होतं.”

तिने रुमाल चष्म्याच्या आत नेऊन डोळे टिपले, आणि तो मुठीत दाबून चटकन पिशवीत कोंबला.

“काल इथून कधी निघालात?”

“सगळ्यांबरोबरच. हौदाकडे तर मी कितीतरी दिवसांत गेलेले नाही. आज सकाळी घरी फोन आला तेव्हा कळलं.”

बाई उठायला लागल्या आणि हवालदार दारात येऊन उभा राहिला. त्याला दाराची चौकट बुटकी पडत होती.

“बाई, मास्तरांची स्कूटर मागे उभी आहे. डिकीला कुलूप आहे. आणि आत काहीतरी लोखंडी वाजतंय.”

४

मास्तरांच्या पत्नी रडत नव्हत्या. बैठकीच्या खोलीत नातेवाईक जमले होते, आणि त्या स्वयंपाकघरात एकट्याच ओट्याला टेकून उभ्या होत्या. बाईंनी एक स्टूल ओढलं.

“काकू, दोनच गोष्टी विचारते.”

“विचारा. बाहेरच्यांच्या सांत्वनापेक्षा ते बरं.”

“काल ते काय म्हणून बाहेर पडले?”

काकूंनी खिडकीकडे बोट केलं. तिथे पाण्याची एक काचेची बाटली होती. “वस्तीच्या हातपंपाचं पाणी आहे. परवा आणलं आणि तिथे ठेवून बघत बसले. मला म्हणाले, तुला रंग दिसतो का? मला नाही दिसला. म्हणाले, मला दिसतो. काल मातीत भोक पाडायचं गिरमिट घेऊन निघाले. ‘मातीलाच विचारून येतो’ म्हणाले. दुपारी जेवायला आले नाहीत. रात्रीही आले नाहीत, पण माती तपासत रात्र काढायची ह्यांची सवयच होती.”

बाईंनी बाटली उजेडात धरली. पाणी स्वच्छ दिसत होतं. बराच वेळ पाहिल्यावर मात्र तळाशी जांभळट छटेचा भास झाला, किंवा त्यांना तसं वाटलं.

“मी एक विचारू?” काकू म्हणाल्या. “ह्यांचा चष्मा सापडला का?”

“त्यांच्या खिशातच होता. धक्कासुद्धा लागला नव्हता.”

“मग तो ह्यांनी ठेवलेला नाही. चष्म्याशिवाय ह्यांना स्वतःचा हात दिसायचा नाही. झोप लागल्यावर मी तो काढून उशाशी ठेवायचे.” त्यांनी बाईंच्या हातून बाटली घेतली. “ज्या कुणी ठेवला, त्याला ह्यांची काळजी होती.”

स्कूटरच्या डिकीची दुसरी किल्ली काकूंकडे होती. हवालदाराने डिकी उघडली. आत गिरमिट होतं, पोत्यात नीट गुंडाळलेलं. बाई फाटकाच्या पायरीवर बसल्या आणि त्यांनी ते मांडीवर घेतलं. लोखंडाच्या पिळांत माती अडकली होती. वरच्या पिळांत तांबडी, अगदी टोकाला करडी.

“हौदाच्या कोपऱ्यात तांबडी माती आहे?”

“छे. ती फक्त पॅनलखाली.”

बाईंनी टोकावर पाणी सोडलं. जांभळा ओघळ त्यांच्या बोटांवरून खाली आला.

“म्हणजे मास्तरांनी पॅनलच्या रांगांत कुठेतरी भोक पाडलं,” हवालदार म्हणाला. “तांबड्या मातीतून खाली. पण मधे कापड लागायला हवं होतं ना, बाई?”

बाई टोकाकडे बघत राहिल्या. प्लॅस्टिकचा एक तंतूही त्यावर नव्हता.

५

ऊन चढलं होतं. रांगांमागून रांगा, सगळ्या धुळीने मळलेल्या. वीज सुरू होईपर्यंत पॅनल धुवायचे नसतात, असं मजूर सांगत होते. बाई लंगडत चालल्या होत्या. हवालदार पुढे मान उंच करून.

“बाई, ही रांग बघा. चकचकीत आहे. इथून तिथपर्यंत नाही, मधले चार-पाच पॅनल तेवढे. कुणीतरी धुतलेत.”

“झालं माझं,” बाई म्हणाल्या आणि त्या पॅनलखालच्या ठोकळ्यावर टेकल्या. सावली गार होती. तिथे बसल्यावर त्यांना दिसलं: पॅनलवरून पाणी ओघळून खालच्या कडेला मातीत एक सरळ ओली रेघ पडली होती. रेघ वाळत आली होती. तांबड्या मातीचा ओला रंग जसा असतो तसाच, गडद तांबडा. एका जागी मात्र हातभर पट्टा जांभळा होता. शेजारच्या ठोकळ्याचा कोपरा कुणीतरी घासून काढलेला. तिथे काँक्रीट नव्यासारखं पांढरं दिसत होतं.

“मास्तर इथे पडले,” बाई म्हणाल्या. “या कोपऱ्यावर डोकं आपटलं. रक्त ठोकळ्यावर आणि पॅनलवर उडालं, म्हणून सगळं धुतलं. पॅनल वाहायच्या ढकलगाडीवर घालून त्यांना हौदात नेलं.” त्यांनी जांभळ्या पट्ट्यावर बोट टेकवलं. “आणि मास्तरांचं भोक हे इथे. खालची भुकटी गिरमिटाबरोबर वर आली, थोडी सांडली. कोरडी असेपर्यंत कुणाच्या नजरेस पडली नाही. पाण्याने चुगली केली.”

“खणू का?”

“खण. हळू.”

हवालदाराने तोंड बांधलं आणि फावडं मारलं. तांबडा थर गेला. खाली करडी भुकटी लागली. त्याने बाजूला खणलं. दोन रांगा सोडून खणलं. करडीच. काठावर, नाल्याच्या कडेला खणलं तेव्हा फावडं प्लॅस्टिकवर सरकलं.

“फक्त कडेला!” हवालदार ओरडलाच. “मधे काहीच नाही, बाई! कडेकडेने दिसेल एवढंच कापड घातलंय. सगळी जमीन उघडी आहे!”

मागे गलका झाला. ठेकेदार आपल्या गाडीकडे पळत होता. पण त्याचेच मजूर आडवे आले. ते सगळे त्याच वस्तीतले, त्याच हातपंपाचं पाणी पिणारे. एकाने त्याला मानेला धरून खाली पाडलं.

“यानेच मारलं मास्तरांना! सोडू नका!”

एका गड्याने लोखंडी पाइप उचलला.

“पाइप खाली ठेव!” फौजदार बाईंचा आवाज एवढा मोठा असेल असं कुणाला वाटलं नव्हतं. “हा चोर आहे. त्याला त्याची शिक्षा मी मिळवून देईन. पण मास्तरांचा खून याने केलेला नाही.”

६

इंजिनीअरच्या खोलीत सगळे दाटीवाटीने उभे होते. धाकटे मालक खिडकीशी, पहारेकरी दाराशी. ठेकेदाराला हवालदाराने दंडाला धरलेलं. इंजिनीअर आपल्या खुर्चीत, अजून काळ्या चष्म्यात. खणलेल्या जागेची बातमी तिच्यापर्यंत पोचली असावी. तिचे ओठ पांढरे पडले होते.

“माझ्यावर उपकार झाले, मॅडम,” ठेकेदार पुटपुटला.

“उपकार कसले? तुम्ही वाचलात ते तुमच्या लबाडीमुळे.” बाई स्टुलावर बसल्या. “आज सकाळी एक मजूर रांगांत बादलीभर पाणी टाकायला निघाला तर तुमचा जीव वरखाली झाला. खाली कापड नाही हे तुम्हाला माहीत होतं. मास्तर तेच शोधतायत हेही माहीत होतं. त्या मातीवर पाण्याचा थेंब पडू नये म्हणून तुम्ही धडपडत होता. असा माणूस त्याच रांगेत पॅनल धुवायला पाणी ओतेल? रक्त त्याने कोरड्या फडक्याने पुसून काढलं असतं, नाहीतर पॅनलच काढून नेले असते. ज्याने पाणी ओतलं त्याला खात्री होती की खाली कापड आहे, वरची माती शुद्ध आहे. तो माणूस कापडावर विश्वास ठेवणारा होता.”

बाई धाकट्या मालकांकडे वळल्या.

“धाकटे मालक एका हाताने माणूस गाडीवर चढवू शकत नाहीत. आणि हौदातल्या धुळीत जाऊन आलेलं प्लॅस्टर घामाने कुठेतरी जांभळं पडलंच असतं. ते पांढरं आहे. पहारेकऱ्याने जांभळे हात सगळ्यांना दाखवले. काल संध्याकाळी ज्याने मास्तरांना हौदात नेलं, त्याने हातमोजे घातले, काम झाल्यावर कोरडी धूळ कोरडीच झटकली, पाण्याला शिवला नाही. ही माती कशी वागते ते त्याला पक्कं ठाऊक होतं. त्याने मास्तरांचा चष्मा पुसून त्यांच्या खिशात ठेवला. डोळे मिटले.” बाईंचा आवाज खाली आला. “सगळं सांभाळलं. फक्त एक गोष्ट त्याच्या हातात राहिली नाही. पोरी, चष्मा काढ.”

इंजिनीअरने चष्मा बोटाने आणखी वर सरकवला.

“डोळे आलेत म्हणालीस. आलेल्या डोळ्यांना माणूस सारखा हात लावतो, रुमाल टेबलावर पडलेला असतो. तू तो मुठीत लपवलास. सकाळी घरी फोनवर कळलं म्हणतेस. घरी स्वच्छ चेहऱ्याने रडली असतीस तर त्या रडण्याचा रंग दिसला नसता.”

तिने चष्मा काढला. दोन्ही डोळ्यांखालून गालांपर्यंत फिकट जांभळे ओघळ गेले होते. वर पावडर थापली होती, तरी ते खालून उमटले होते.

“मी त्यांना मारायला गेले नव्हते,” ती म्हणाली. “संध्याकाळी त्यांनीच मला त्या रांगेपाशी बोलावलं. म्हणाले, खाली कापड नाही. उद्या काम थांबवतो, हातपंप बंद करतो. मी म्हटलं, मी स्वतः पाहिलंय. ते म्हणाले, तू कडेला उभी राहून पाहिलंस. कापड पडत होतं तेव्हा आई आजारी होती. मी एकदा येऊन, कडेने फिरून गेले. त्यांनी भोक पाडलंय हे मला माहीत नव्हतं. मला वाटलं, पुन्हा आपला संशय. पुन्हा सगळं बंद. पुन्हा बायका लांबून पाणी आणणार. ते फोन लावायला लागले. मी फोन हिसकावला, ते सोडेनात, मी ढकललं.” तिने तळहातांकडे पाहिलं. “एवढंच. एकदाच.”

“मदत का नाही बोलावलीस?”

“थोडाच वेळ होते ते. मी मांडीवर डोकं घेतलं होतं. मग संपलंच.” ती एकदम बाईंकडे वळली. “खरंच खाली काही नाही? तुम्ही पाहिलंत? मधेसुद्धा?”

“मधेसुद्धा.”

तिने डोळे मिटले. ठेकेदार तोंड फिरवून उभा होता. तिने त्याच्याकडे पाहिलंही नाही.

“शेवटी ते बोलले होते,” ती म्हणाली. “म्हणाले, ‘वस्तीला सांग.’ मी सांगितलं नाही. मला खोटं वाटलं. काल रात्रीपासून किती जणांनी पाणी भरलं असेल, मॅडम?”

बाई उठल्या. गुडघा ठणकत होता. “चल,” त्या म्हणाल्या. “ठाण्यावर जायचं ते वस्तीतून जाऊ.”

७

हातपंपावर रांग लागली होती. जीपमधून उन्हाची ताई उतरताना दिसली तशी पोरं धावत आली आणि तिच्या चेहऱ्याकडे बघून थांबली. मास्तरांच्या पत्नींना बाईंनी निरोप धाडला होता. त्या पंपापासून थोड्या अंतरावर येऊन उभ्या राहिल्या. इंजिनीअरची आई भरलेली कळशी घेऊन रांगेशेजारी उभी होती.

“कुणी हे पाणी पिऊ नका,” इंजिनीअर म्हणाली. मागच्यांना ऐकू गेलं नाही. तिने पुन्हा सांगितलं, मोठ्याने. “हे पाणी पिऊ नका. भरलेलं ओतून टाका. कारखान्याच्या जमिनीवर कापड नाही. ठेकेदाराने घातलंच नाही आणि मी बघितलं नाही. मास्तरांनी बघितलं. त्यांनी मला सांगितलं तेव्हा मी त्यांना ढकललं. ते हौदात पडले नाहीत. माझ्या हातून गेले.”

पंपाचा दांडा धरलेल्या बाईने तो सोडला.  आई कळशी खाली ठेवून पुढे आली. तिने मुलीच्या गालावरचा जांभळा ओघळ अंगठ्याने पुसून पाहिला. तो पुसला गेला नाही.

“तुझ्या बापाला या जागेने खाल्लं,” आई म्हणाली. “मास्तरांना तरी सोडायचं होतंस.” आणि ती मटकन खाली बसली.

काकू पुढे आल्या. लोकांनी वाट करून दिली. इंजिनीअरने मान खाली घातली.

“चष्मा तू ठेवलास?” काकूंनी विचारलं.

तिने मान हलवली.

काकूंनी तिच्याकडे पाहिलं. मग त्या वळल्या आणि मजुरांकडे गेल्या.

“ती जमीन झाकायला किती माणसं लागतील?”

“पॅनल उचलून, माती काढून, पुन्हा सगळं...” एक जण चाचरला. “काकू, आता हे काम कोण करणार? सगळं बंदच पडणार.”

“बंद पडलं तर पावसाचं पाणी त्या भुकटीतून सरळ तुमच्या घरांखाली येईल. ज्यांची जमीन, ज्यांचे पॅनल, त्यांच्या दारात आपण सगळे जाऊ. उद्याच. धाकट्या मालकांनाही घेऊन जाऊ, हात गळ्यात असला तरी तोंड चालतंय त्यांचं. आणि कापड पडेल तेव्हा मी मधे उभी राहीन. कडेला नाही.”

जीप सुरू झाली. काचेतून इंजिनीअरला दिसलं ते एवढंच: आईने हातांवर जोर देऊन स्वतःला उठवलं, कळशी उचलली आणि गटारात उपडी केली. तिच्यामागची बाई आपला भरलेला हंडा ओतायला पुढे सरली.